चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, घरच्या सगळ्यांना घेऊन होडीतून: भरती बघून जा

सरळ सांगते, शाळकरी पोरांपासून गुडघे धरलेल्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांना एकत्र नेऊन गोव्यात पिंजऱ्याबाहेरची जनावरं आणि पक्षी बघायचे असतील, तर चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यातली होडीची फेरी बेस्ट आहे. माझ्याकडून पाचात पाच. फक्त एक अट आहे, भरती-ओहोटी बघून जायचं. ती न बघता गेलात तर तीच होडी, तीच खाडी, तोच नावाडी असूनसुद्धा हिरवी झाडं आणि तपकिरी पाणी बघून परत याल आणि इथे येऊन लिहाल की पैसे वाया गेले. तसं लिहिलेलं मी खूप वाचलंय म्हणूनच हे एवढं सविस्तर लिहितेय.

आम्ही डिचोलीचे. सांगलीहून ताई, भावजी आणि त्यांची दोन पोरं आलेली, इकडून मी, नवरा, लेक आणि सासूबाई. भावजींना पहिल्यापासून जंगल सफारी पाहिजे होती, जीपवाली, वाघवाली. त्यांना म्हटलं भावजी, गोव्यात वाघ आहेत पण ते म्हादईच्या रानात, आणि आपल्याला दिसावेत म्हणून ते रस्त्यावर येत नाहीत. गवा हा आमचा राज्यप्राणी, तो नशीब असेल तर मोले भागात भल्या पहाटे दिसतो, पण तिथे आठ माणसं, त्यात एक म्हातारं माणूस आणि तीन पोरं घेऊन ताटकळत बसायचं म्हणजे कठीण. बोंडला मुलांसाठी चांगलं आहे, आठ चौरस किलोमीटरचं छोटंसं अभयारण्य, आत प्राणिसंग्रहालय, बाग वगैरे, पण गुरुवारी बंद असतं आणि आमच्याकडे नेमका गुरुवारच मोकळा होता. मग चोडण ठरलं आणि खरं सांगायचं तर मला मनातून तेच पाहिजे होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चोडण हे मांडवी नदीतलं बेट आहे, तिसवाडी तालुक्यात. पणजीकडून येणाऱ्यांनी रायबंदरला जायचं, तिथून फेरीबोट, काही मिनिटांत पलीकडे, आणि पलीकडचा धक्का आला की अभयारण्य तिथेच सुरू होतं, बेटाच्या पश्चिम टोकाला. आमच्यासारखे डिचोलीकडचे असाल तर मये मार्गे गाडीने थेट येता येतं, फेरी लागत नाही. अभयारण्य फार मोठं नाही, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ सगळं खारफुटीचं. पक्षीतज्ज्ञ सलीम अली गेले 1987 साली आणि 1988 मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं, म्हणून त्यांचं नाव. आत पायवाट आहे, पक्षी बघायला मनोरा आहे, पण माझं मत विचाराल तर खरी मजा होडीत आहे, कारण खारफुटीत पायी चालणाऱ्याला मुळं आणि पानं सोडून फार काही दिसत नाही, पाण्यातून मात्र सगळा काठ समोर उघडा असतो.

आता भरती-ओहोटीचं. हे नीट वाचा कारण सगळं यावरच आहे.

भरती पूर्ण असते तेव्हा होडी आतल्या अरुंद ओहोळात शिरू शकते, पण तेव्हा चिखल पाण्याखाली असतो, म्हणजे मगरीला ऊन खायला जागा नाही आणि चिखलात टोचून खाणाऱ्या पक्ष्यांना खायला काही नाही. पूर्ण ओहोटीला याच्या उलट, चिखल भरपूर, पक्षी भरपूर, पण होडी आत जात नाही, मोठ्या पात्रातूनच लांबून बघायचं. म्हणून भरती होऊन गेल्यावर तासा-दीड तासाने निघायचं. पाणी उतरायला लागलेलं असतं, आत जाता येतं, आणि आपण आत असतानाच दोन्ही बाजूंनी चिखल उघडा पडत जातो आणि एकेक पक्षी खाली उतरायला लागतो. हे सकाळी जुळलं तर सोन्याहून पिवळं.

कधी जुळतं ते काढायला आमच्याकडचे जुने लोक कॅलेंडरवरची तिथी बघतात. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता साधारण भरती. म्हणजे पंचमीला पावणेचार, नवमीला पावणेसात, एकादशीला सव्वाआठ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नदीत जितकं आत जाल तितका उशीर होतो, पण दिवस ठरवायला एवढं पुरतं, नक्की वेळ मग मोबाइलवर बघून घ्या, भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. तर सकाळी होडी पाहिजे असेल तर अष्टमी ते एकादशी यातला दिवस धरा, शुद्ध असो की वद्य. आता जाणकार म्हणतील की अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, चिखल उधाणाच्या दिवसांइतका उघडा पडत नाही. बरोबर आहे त्यांचं. पण अमावस्या-पौर्णिमेला भरती येते दुपारी बाराच्या आगेमागे, मग ओहोटीचा चिखल बघायला तुम्ही दुपारी दोनच्या उन्हात सासूबाईंना होडीत बसवणार का? मी नाही बसवणार.

मागे एकदा आम्ही एका एजंटकडून हीच ट्रिप केली होती, नाव घेत नाही. मगर हमखास दिसणार असं सांगून पैसे घेतले, मोठी बोट, वर छप्पर, स्पीकरवर गाणी, आणि नेली भर दुपारी टम्म भरतीला. एक घार दिसली. मगरीबद्दल विचारलं तर म्हणे आज पाण्याखाली आहेत. अहो मग त्या कधी वर येतात ते तुम्हाला माहीत पाहिजे ना, तुमचा धंदा आहे तो. इंजिनचा एवढा आवाज आणि त्यावर गाणी, कुठला पक्षी थांबेल. अशी हमी देणाऱ्यांपासून लांब राहा, गाणी लावणाऱ्यांपासून तर नक्कीच.

या वेळी बेटावरचाच एक नावाडी घेतला, ओळखीतून फोन नंबर मिळालेला. पन्नाशीचे काका, लहानपण त्याच पाण्यात गेलेलं. फोनवर पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो किती माणसं नाही, तर कुठल्या दिवशी, आणि दिवस सांगितल्यावर दोन मिनिटं थांबून म्हणाले साडेसातला या, आधी येऊन काय उपयोग नाही. तिथेच मला पटलं की माणूस बरोबर आहे. भाडं माणशी नव्हतं, होडीमागे होतं, आधीच ठरवलं आणि परत आल्यावर एक रुपया जास्त मागितला नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांना, आणि पोरांसाठी लहान मापाची वेगळी होती, हे मुद्दाम लिहितेय कारण मोठं जॅकेट लहान मुलाच्या गळ्यात अडकवण्याला काही अर्थ नसतो, ते वर निसटतं. तुम्ही जाल तेव्हा फोनवरच विचारून घ्या. सासूबाईंना होडीत उतरवताना काकांनी स्वतः पाण्यात उतरून होडी धरली, त्यांना मधल्या फळीवर बसवलं, पाठीला गोणपाटाची घडी दिली. एवढं कोण करतं आजकाल.

मोठ्या पात्रात थोडा वेळ इंजिन, मग ओहोळाच्या तोंडाशी इंजिन बंद आणि नुसतं वल्हं. पोरांची बडबड चालू होती तर काका मागे वळून एवढंच म्हणाले, "बोवाळ करूं नाकात," म्हणजे गोंगाट करू नका. सांगलीच्या पोरांना कोंकणी काय कळणार, पण आवाजावरून कळलं आणि दोघं चिडीचूप.

पहिला दिसला तो काळ्या टोपीचा खंड्या. डोकं काळं, पाठ गडद निळी, चोच लालभडक, थंडीत येणारा पाहुणा आहे हा. आपला नेहमीचा खंड्या तारेवर बसलेला दिसतो तो वेगळा. मग तुतवार, ढोकरी, राखी बगळे, पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले, ब्राह्मणी घारी तर मोजायच्या नाहीत इतक्या. आणि एक ऑस्प्रे, मासे पकडणारा शिकारी पक्षी. हे मी आयुष्यात विसरणार नाही, तो आमच्या डोक्यावरून मासा घेऊन गेला, आणि मासा त्याने पायात असा धरला होता की माशाचं तोंड पुढे, उडण्याच्या दिशेला. काका म्हणाले तो नेहमी तसाच धरतो, वारा कमी लागतो. त्याच्या मागे एक ब्राह्मणी घार लागली मासा हिसकवायला, दोघं खारफुटीच्या पलीकडे गेले, पुढे काय झालं ते दिसलं नाही आणि भाचा अजून विचारतोय की कोण जिंकलं.

मगरीची गोष्ट वेगळीच. आम्ही सगळे पाण्यात बघत होतो आणि काका चिखल बघत होते. एका जागी त्यांनी वल्हं थांबवलं आणि बोट दाखवलं. मगर नव्हतीच, उतारावर पाण्यापर्यंत गेलेला एक गुळगुळीत पट्टा होता, मध्ये शेपटीची खोल रेघ आणि दोन्ही बाजूंना पंजे रोवल्याचे खड्डे, खड्ड्यांत अजून पाणी झिरपत होतं. म्हणजे नुकतीच उतरलीय. पुढच्या वळणावर दुसरी, मोठी, अख्खी बाहेर, तोंड उघडं ठेवून निवांत पडलेली. भाची घाबरून आईला चिकटली, तिला वाटलं आता ही अंगावर येणार. तोंड उघडं ठेवणं म्हणजे राग नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायला मगर तशी पडून राहते. काकांनी होडी लांबच ठेवली, जवळ घ्या म्हणून भावजी सांगत होते तरी घेतली नाही, आणि मला त्यांचं हेच आवडलं. जवळ गेलं की ती पाण्यात उतरणार, मग मागून येणाऱ्या होडीला काय दिसणार आणि मगरीला ऊन कुठे मिळणार.

ही आपली मगर म्हणजे गोड्या पाण्यातली मगर, तळ्यात-नदीत राहणारी, पण इथे मांडवीत आणि तिकडे कुंभारजुव्याच्या कालव्यात ती खाऱ्या पाण्यात राहते. आमच्याकडे तिला मानगे म्हणतात आणि तिची पूजासुद्धा होते. फोंडा तालुक्यात भोम भागात पौषी अमावस्येला खाजन शेतीवाले, म्हणजे खाडीकाठी बांध घालून शेती करणारे लोक चिखलाची मगर करतात, मानगे थापणी म्हणतात त्याला, शिंपल्यांचे डोळे, काड्यांचे दात. बांधावर नदीच्या भरवशावर शेती करणाऱ्या माणसांनी मगरीला राखणदार मानलंय. सासूबाईंनी होडीतच हात जोडले, त्यांच्या माहेरी असायचं हे. ताईला आणि भावजींना हे सगळं नवीन होतं, आणि मगर बघण्याआधी भावजींचा जो वाघ-वाघ चालला होता तो तिथून पुढे बंद झाला.

पण पोरांना विचाराल तर त्यांना सगळ्यात जास्त आवडली ती मगर नव्हे, चिखल आवडला. पाणी उतरलं तसे खेकडे वर आले, छोटे छोटे, नराचा एक पंजा इवलासा आणि दुसरा त्याच्या अख्ख्या अंगाएवढा, आणि तो मोठा पंजा वर-खाली, वर-खाली हलवत राहतो, मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला हाकलायला. शेकडो खेकडे एकदम असं करतात तेव्हा सगळा काठ हलल्यासारखा वाटतो. आणि निवट्या! मासा असून चिखलावर उड्या मारत चालणाऱ्या. सांगलीच्या पोरांनी मासा चालताना कधी बघितलेला नाही, त्यांचा विश्वासच बसेना. माझ्या लेकीला निवटी म्हणजे ताटातली माहीत, ती जिवंत अशी डोळे वर काढून बघतेय हे बघून तीही गप्प झाली.

मग काकांनी तिवराची, म्हणजे खारफुटीतल्याच एका झाडाची, एक फांदी हाताने वाकवली आणि पान उलटं केलं. खाली पांढरट खरखरीत थर, त्यांनी भाच्याला बोट लावून चाटायला सांगितलं. मीठ! हे झाड खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. कांदळाच्या लांब शेंगा लोंबत होत्या, म्हणजे दिसायला शेंगा, खरं तर ते झाडावरच रुजलेलं रोप, ते खाली चिखलात पडतं आणि तिथेच धरतं. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत असतं हे सगळं, इथे ते पोराच्या जिभेवर होतं. एक सूचना मात्र द्यायलाच पाहिजे, मुलांना दिसेल ते पान तोडू देऊ नका. इथे हुरा नावाचं झाड असतं, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर वाईट जळजळ होते, डोळ्याला इजा होते. काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मी दाखवीन त्यालाच हात लावायचा, आणि हात पाण्यात घालायचा नाही, हे दुसरं का ते मगर बघितल्यावर सांगायला लागलं नाही.

पाणमांजर दिसलं नाही. चोडणला आहेत ती, बेटावर राहणारे लोक सांगतात, पहाटे कळपाने दिसतात. आम्हाला बांधाच्या दगडावर त्यांची विष्ठा दिसली, माशांचे खवले चमकत होते तिच्यात. ताईला किळस आली, मला मात्र बरं वाटलं, म्हणजे आहेत इथेच.

वाईट वाटलं ते एका गोष्टीचं. परत येताना दुसरी एक बोट भेटली, पंधरा-वीस जणांचा ग्रुप, ओरडा, शिट्ट्या, आणि मगरीला हलवायला एकाने पाण्याची बाटली फेकली. प्लास्टिकची. ती गेली मुळांत अडकून. कांदळाची मुळं काठावर जाळं करून असतात, त्यात गेलेलं प्लास्टिक ओहोटीला बाहेर येत नाही, तिथेच राहतं, आणि त्याच मुळांच्या आडोशाला मासळीची आणि सुंगटांची (कोळंबीची) पिल्लं वाढतात. मांडवीतली मासळी आपण सगळे खातो ना? काकांनी होडी वळवून ती बाटली वल्ह्याने ओढून काढली, काही बोलले नाहीत. त्या बोटीवरच्या गाइडने बोलायला पाहिजे होतं. पैसे घेता तर दोन शब्द सांगायची जबाबदारी पण घ्या.

बाकी उपयोगाच्या गोष्टी पटापट सांगते. होडीत बाथरूम नसतं, पोरांना आणि वयस्करांना आधी जाऊन यायला सांगा. ऊन साडेनऊनंतर चटका देतं, टोप्या घ्या, पाणी घ्या, रिकामी बाटली परत आणा. चिलटं चावतात, पूर्ण बाह्यांचे कपडे बरे, आणि शक्यतो भडक रंग नकोत. दुर्बीण असेल तर नक्की आणा, नसेल तर कुणाची तरी उसनी घ्या, हलत्या होडीत 10 पटीपेक्षा 8 पटीची चांगली, चित्र कमी थरथरतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पक्षी ठिपक्याएवढा येतो, त्यापेक्षा मोबाइल खिशात ठेवा आणि डोळ्यांनी बघा. पोटाचं म्हणाल तर आम्ही नंतर मुद्दाम गाडी फेरीवर चढवून रायबंदरला उतरलो, पोरांना फेरी पाहिजेच होती, तिथल्या एका साध्या हॉटेलात बन आणि मिक्स भाजी खाल्ली, आणि मग पोर्तुगीजांच्या काळातल्या त्या लांब बंधाऱ्यावरून, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं असं बघत पणजीला जाऊन नुस्त्याची (मासळीची) थाळी. पणजीत राहणाऱ्यांना एक फायदा, सकाळी कामाला जाणाऱ्यांची गर्दी चोडणहून रायबंदरकडे असते, तुम्ही उलट दिशेला जाता, त्यामुळे जाताना रांग फारशी लागत नाही. रविवारी मात्र दोन्हीकडे लागू शकते.

बाहेरून येणारे पक्षी ऑक्टोबर ते मार्च या काळात असतात, त्यातही डिसेंबर-जानेवारी उत्तम, सकाळचा गारवा असतो आणि मगरी उन्हाला हमखास बाहेर पडतात. एप्रिल-मेमध्ये येणार असाल तर मगर, खेकडे, निवट्या, इथलेच बगळे-घारी मिळतील, थंडीतले पाहुणे गेलेले असतील, तेवढं मनात धरून या. पावसाळ्यात होडीचा नादच नको. आणि चोडणच्या धक्क्यावर पोचलात की होडीत बसायची घाई करू नका, आधी वनखात्याच्या काउंटरवर तिकिटं काढा, कॅमेऱ्याचं वेगळं काढायला लागतं ते पण तेव्हाच काढून टाका, मधूनच परत यायला लागलं तर उतरतं पाणी हातचं जातं.